किशोरवय आणि अन्नाची तीव्र अ‍ॅलर्जी

शेंगदाणे, दूध, अंडी किंवा कोळंबी यांची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना किशोरवयात सर्वाधिक जपावे लागते. लहानपणी आई ताट तपासून देते. पुढे मूल शिकवणीला जाते, मित्रांबरोबर बाहेर खाते आणि वेगळे दिसू नये म्हणून आजार लपवते. भोपाळजवळच्या मंडीदीपसारख्या औद्योगिक गावातील मराठी घरांत तर उपवासाच्या साबुदाणा खिचडीतही शेंगदाण्याचा कूट असतो. शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेला घासही म्हणूनच विचारून घ्यावा लागतो. भारतात वेष्टनबंद खाद्यपदार्थांवर शेंगदाणे, सोयाबीन, दूध अशा घटकांची सूचना बंधनकारक आहे. ठेल्यावरच्या पोह्यांना मात्र वेष्टन नसते.

असा पदार्थ पोटात गेल्यास अंगावर गांधी, ओठांना सूज, वारंवार उलट्या, धाप, चक्कर ही लक्षणे काही मिनिटांत वाढू शकतात. दमा असल्यास धोका अधिक. अशा वेळी मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार. सेटिरिझिनसारखी अ‍ॅलर्जीवरची गोळी त्याची जागा घेत नाही. रुग्णाला आडवे ठेवावे, धाप असल्यास बसू द्यावे, उभे करू नये. लगेच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात थांबावे, कारण लक्षणे पुन्हा उलटू शकतात.