शिकवण्याचा मान



खर्डा म्हटलं की आपण शिक्षक मुलांकडून एक तारीख पाठ करून घेतो : ११ मार्च १७९५, मराठे आणि निजाम यांची लढाई. निंबाळकरांचा किल्ला अजून गावात उभा आहे. याच गावाची दुसरी तारीख २८ एप्रिल २०१४. त्या दिवशी इथल्या शाळेत शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी तो बोलतो, या रागातून हे घडल्याचा आरोप होता. २०१७ च्या नोव्हेंबरात सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. बरेच साक्षीदार फितूर झाले होते. शिक्षण आणि विषमता या विषयावर खर्ड्यात उभं राहून बोलायचं आणि ही तारीख गाळायची, हे मला शक्य नाही.

तो मुलगा शाळाबाह्य नव्हता, हे लक्षात घ्या. तो पटावर होता. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली जगासाठी सतरा उद्दिष्टं ठरवली. त्यांतलं चौथं शिक्षणाचं, दहावं विषमता कमी करण्याचं. चौथं साधलं की दहावं मागोमाग येईल, असं आपण सगळेच धरून चालतो. गरिबाचं मूल शाळेत आलं, पुढे सरकलं, की समाज बदलला. खर्ड्याने हे गृहीतक खोटं ठरवलं आहे. वर्गात एका बाकावर बसलेली मुलं सुट्टीत कोणाकडे पाणी पितात, कोणाच्या घरी जातात, कोणाशी बोलायला धजतात, याला शाळेने हात लावला नाही, तर पट कितीही भरला तरी गावाची उतरंड जागची हलत नाही.

मग शिक्षणाने उतरंड हलतच नाही का? हलते. त्याचा दाखला शोधायला आपल्याला जामखेड तालुका सोडून जावं लागत नाही.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे खेड्यांत आरोग्याचं काम करायला जामखेडला आले. खेड्यात राहायला शिकलेल्या परिचारिका तयार होईनात, आणि ज्या आल्या त्यांच्यात आणि गावातल्या बायांत अंतर राहू लागलं. तेव्हा त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. या बाया दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. बाळाचं वजन कसं बघायचं, सुईणपणात स्वच्छता कशी राखायची, जुलाब लागलेल्या पोराला साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, हे त्या शिकल्या. पण त्याआधी त्या आणखी काही शिकल्या. सगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवल्या, एकाच मोठ्या गोधडीखाली शेजारी झोपल्या. मला हा अभ्यासक्रमाचाच भाग वाटतो, आणि सर्वांत अवघड भाग. पाण्याचंही तसंच. दुष्काळात हातपंप घ्यायचे ठरले, तेव्हा आरोळ्यांनी ते दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला. मग पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे जावं लागलं.

गावाने या बायांना लगेच मानलं नाही. पण अडलेली बाळंतीण रात्री सुटली, पोर जगलं, की दारात उभं न करणारं घर ओसरीवर बसायला सांगू लागलं. बालमृत्यू झपाट्याने खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्याची जी भूमिका जगाने स्वीकारली, तिच्यामागे जामखेडसारखे अनुभव होते. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशोदेशींचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि त्यांना शिकवायला उभ्या राहिल्या त्या याच बाया. आंतरराष्ट्रीय विकास म्हणजे तिकडून इकडे येणारं ज्ञान, असं मानणाऱ्या जगाला आपल्या तालुक्यातल्या निरक्षर बाईने समोर बसवून शिकवलं.

मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. शिकायला मिळणं ही अर्धी गोष्ट झाली. ज्याला कायम ऐकायलाच बसवलं त्याला शिकवायला उभं करणं, ही उरलेली अर्धी, आणि विषमतेला धक्का बसतो तो तिथे. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजाच्या मुलीने १८५५ साली आपल्या लोकांचं दुःख लिहून काढलं. ते छापलं ‘ज्ञानोदय’ने, ज्याची सुरुवात आपल्याच नगरला १८४२ साली झाली होती. थोडीच वर्षं शिकलेली ती पोर मोठ्यामोठ्यांना सुनावत होती. तिच्या गुरुजींनी तिला तेवढी जागा दिली होती.

आता आजच्या वर्गाकडे या. जामखेड, पाथर्डी, शेजारचे आष्टी, पाटोदा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. पोरं सोबत जातात, किंवा म्हाताऱ्या आजीपाशी राहतात. दुसरं सत्र फडात जातं. थोरली मुलगी असेल तर धाकट्याला सांभाळणं आणि कोपीवरचा स्वयंपाक तिच्याकडे. परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, आणि आपण हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ लिहितो. ती गैरहजर नव्हती, ती कामावर होती, आणि तिने तोडणीला हातभार लावलेल्या उसाची साखर आपल्या चहात आहे. मुलांनी गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण गाड्या निघून गेल्यावर वसतिगृह सुरू झालं तर ते कोणासाठी?

म्हणून उद्या शिक्षकांचा ठराव लिहिताना दोन गोष्टी घाला, अशी माझी विनंती आहे. फडावरून आलेल्या मुलांना तिथलं जग वर्गापुढे मांडू द्या : टनाचा हिशेब, उचलीचं व्याज, कोयत्याची मजुरी. गणिताचा आणि समाजशास्त्राचा तो तास त्यांनी घ्यावा, आपण बाकावर बसावं. आणि शाळा व्यवस्थापन समितीत ऊसतोड करणारी आई असू द्या, नुसती सहीपुरती नको. वसतिगृह कधी उघडायचं हे ठरवणारी सभा दसऱ्याआधी घ्या. त्यानंतर ती आई गावात नसते.