पहिल्या चाचणीचे प्रगतिपत्रक



दिवाळीच्या सुमारास सुरत जिल्ह्यातील बारडोली परिसरात उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. धुळे, नंदुरबारकडील अनेक कुटुंबे तोडणीसाठी तेथे जातात. त्यांचे मूल गुजराती माध्यमाच्या हायस्कुलात दाखल झाले, तर थोड्याच दिवसांत पहिल्या चाचणीचे प्रगतिपत्रक पालकांच्या हाती पडते.

भाषेतील कमी गुण पाहून ‘याला शाळा जमणार नाही’ असा निष्कर्ष काढणे व त्याच्या हाती कोयता देणे घाईचे ठरेल. ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे ही भाषेची चार अंगे एका आकड्यात झाकली जातात. गुजराती लिपीला शिरोरेखा नाही. इ, क, ज यांसारख्या अक्षरांची वळणेही देवनागरीहून निराळी आहेत. त्यामुळे ऐकलेले समजणारा विद्यार्थीही लेखनात अडखळतो. हा दोष बुद्धीचा नव्हे, अपरिचयाचा होय.

म्हणून पालकांनी ‘गुण किती?’ याआधी ‘अडले कोठे?’ असे विचारावे. शिक्षकांनी ‘सुधारणा आवश्यक’ एवढाच शेरा न देता अडलेले अंग नोंदवावे, आणि ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांना तो शेरा त्यांच्या भाषेत समजावून सांगावा. पहिले प्रगतिपत्रक हा निकाल नव्हे. वर्ष हाती असताना मिळालेली ती सूचना आहे.