वेग हवा, अ‍ॅव्हरेजही हवे

दारात नवी गाडी आली की पहिला प्रश्न ठरलेला: अ‍ॅव्हरेज किती देते? स्पोर्ट्‌स कारच्या मालकाला तो सहसा कुणी विचारत नसे. युरोपात मात्र तो कायद्यानेच विचारला. २००९ मध्ये ठरले, की नव्या मोटारींच्या धुरातला, जळणाऱ्या इंधनाच्या प्रमाणात निघणारा कार्बन डायऑक्साइड २०१५ पर्यंत सरासरी किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणायचा.

त्याच २०१५ साली जर्मनीच्या पोर्शे कंपनीने आपल्या ९११ कॅरेरा गाडीचे ३.४ लिटरचे इंजिन काढून ३ लिटरचे बसवले, जोडीला दोन टर्बो. इंजिन धाकटे झाले, ताकद ३५० वरून ३७० अश्वशक्तीवर गेली. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला शंभर किलोमीटरला लागणारे पेट्रोल ८.२ लिटरवरून ७.४ लिटरवर उतरले. आपल्या हिशेबात लिटरला साधारण साडेतेरा किलोमीटर!

हे साधते कसे? एरवी वाया जाणारा धूर टर्बोचे चक्र फिरवतो आणि ते चक्र इंजिनात जादा हवा कोंबते. सावकाश जाताना लहान इंजिन कमी पितेच. पण पाय दाबून धरला, की तापलेले इंजिन थंड राखायलाही जास्तीचे पेट्रोल सोडावे लागते. चाचणीतला आकडा रस्त्यावर टिकत नाही, तो इथेच.

म्हणून याहून सरळ वाट आहे वजन उतरवण्याची. इंग्लंडच्या लोटस कंपनीची १९९६ ची एलिझ पाहा. अ‍ॅल्युमिनियमचे भाग चक्क डिंकासारख्या चिकटद्रव्याने जोडलेला तिचा सांगाडा अवघा ६८ किलोचा, म्हणजे चालवणाऱ्या माणसाएवढा. सगळी गाडी सव्वासातशे किलोच्या आसपास. इंजिन रोव्हरच्या घरगुती मोटारींतले, १.८ लिटरचे, ११८ अश्वशक्तीचे. तरी शंभरचा वेग सुमारे सहा सेकंदांत. ओझेच कमी असले, की ब्रेक, टायर, इंजिन, सगळेच लहान चालते, आणि पेट्रोलही. स्पोर्ट्‌स कारच्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी गाडी म्हणावी लागेल.

पोर्शेच्या २०२४ च्या ९११ जीटीएस या आवृत्तीत मात्र विजेची मोटर आली. धूर पोहोचण्याआधीच ती टर्बो फिरवते. शंभरचा वेग तीन सेकंदांत. बॅटरी मुद्दाम लहान, १.९ किलोवॅट-तासांची ठेवली, तरी आधीच्या जीटीएसपेक्षा वजन पन्नास किलोंनी वाढलेच. काट्यावर ही गाडी १५९५ किलो भरते, दोन एलिझ आणि वर दोन माणसे.