जुळ्यांची फारकत

मूलद्रव्यांच्या कोष्टकांत रकान्यानें खालीं जावें तसा अणु मोठा व्हावा, हा साधारण नियम. झिर्कोनियमखालचें हाफ्नियम मात्र वजनानें दुपटीजवळ जाऊनहि आकारानें वाढत नाहीं! मधल्या १४ मूलद्रव्यांत केंद्राचा विद्युद्भार वाढतो, आंतले नवे इलेक्ट्रॉन त्याला पुरते झांकीत नाहींत, आणि अणु आखडतो. आकार सारखा, म्हणून रासायनिक स्वभावहि सारखा. १९२३ पर्यंत हाफ्नियम झिर्कोनियमच्याच नांवावर खपत होतें.

१९६९ सालीं तारापुरास अणुवीज निघूं लागली. तेथील इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या, कारण तें न्यूट्रॉन फारसे गिळीत नाहीं. हाफ्नियम शेंकडों पटींनीं गिळतें; तें आंत राहिल्यास अणुभट्टी मंदावेल. म्हणून नळी घडविण्याआधीं द्रावणें पुन्हां पुन्हां घुसळून हीं जुळीं वेगळीं करावीं लागतात.