वळणावर जन्मणारा प्रकाश

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ प्रयोगासाठी इंदूरला जातात, ते एका खास प्रकाशासाठी. तिथल्या राजा रामण्णा केंद्रात ‘इंडस-२’ हे सिंक्रोट्रॉन आहे. १७२.५ मीटर परिघाच्या निर्वात नळीत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. चुंबक त्यांना वळवतात आणि प्रत्येक वळणावर तीव्र क्ष-किरण बाहेर पडतात. या किरणांनी प्रथिनांची रचना उलगडता यावी, म्हणून भाभा केंद्राने तिथे स्वतंत्र किरणवाहिनी उभारली आहे.

आता जगात चौथ्या पिढीची यंत्रे आली आहेत. स्वीडनमधल्या लुंड इथे २०१६ साली ‘मॅक्स फोर’ सुरू झाले. तिथे वर्तुळाच्या प्रत्येक भागात मोजक्या मोठ्या वळणांऐवजी सात छोटी वळणे दिली आहेत. त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा झोत कमी पसरतो आणि प्रकाश कितीतरी प्रखर होतो.

असे यंत्र बटण दाबून सुरू होत नाही. शेकडो चुंबक केसाच्या जाडीहूनही कमी चुकीने जुळवावे लागतात. मग झोताची पहिली फेरी पूर्ण करायची, तो टिकवायचा आणि विद्युतप्रवाह हळूहळू वाढवायचा. सुरुवातीला हाच प्रकाश नळीच्या भिंतींतून वायू बाहेर काढतो. तो उपसत राहिले, की निर्वातता सुधारत जाते.

नवी औषधे, बॅटऱ्या, मिश्रधातू यांच्या संशोधनाला हा प्रकाश हवाच. विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनो, अशी यंत्रे घडवायला भौतिकशास्त्रज्ञांइतकेच कुशल अभियंते आणि तंत्रज्ञही लागतात. या क्षेत्राचा जरूर विचार करा.