खाणीचं गढूळ पाणी आणि मामाची विहीर

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण आहे पाण्याचाच. खडीच्या खाणीतून पावसात वाहून येणारं पाणी.

मी खाणीतली नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पण माझं आजोळ माणदेशातलं. गावावरच्या टेकडीला खडीची खाण आणि क्रशर आहे. नाव घेत नाही. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात एका संध्याकाळी तासाभरात धो धो पाऊस झाला. सकाळी मामाचा फोन. "पोरी, विहिरीत पाणी न्हाई, पीठ कालवलंय." जाऊन बघितलं, तर खरंच राखाडी पाणी. खालच्या डाळिंबाच्या आळ्यांवर पातळ थर, वाळला की पापडासारखा कडक.

खाणीवर विचारलं, गाळ अडवायचं तळं कुठंय? उत्तर आलं, "ताई, इथं वर्षाला पाऊस पडतोय किती? तळं कशाला?"

इथंच गफलत आहे. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माण, आटपाडीला साधारण 500. सरासरी बघितली तर त्यांचं म्हणणं पटतं. पण सर्व्हर काय सरासरी ट्रॅफिकवर पडतो का? सेल सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत पडतो. तळंही वर्षाच्या पावसासाठी नसतं, त्या एका संध्याकाळसाठी असतं.

हिशेब करू. खाण 5 हेक्टरची. पाऊस 60 मिलिमीटर. म्हणजे 3000 घनमीटर पाणी. उघड्या खडकावरून त्यातलं 80 टक्के वाहिलं असं धरा, 2400 घनमीटर. म्हणजे 24 लाख लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडे 10 हजार लिटरचा टँकर येतो ना? तसले 240 टँकर, एका संध्याकाळी!

आता त्या टेकडीवर खाणीच्या वर आणखी 10 हेक्टर माळ असेल, तर त्याचंही पाणी खाणीत उतरणार. चांगलं पाणी आत येऊन घाण होणार. म्हणून पहिलं काम तळं नाही, पहिलं काम चर. खाणीच्या वरच्या अंगाने माळेसारखा चर काढायचा आणि माळाचं पाणी बाहेरच्या बाहेर ओढ्याला लावायचं. याला गार्लंड ड्रेन म्हणतात. वॉटर कपच्या श्रमदानात ज्यांनी समतल चर खोदलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग तळं. त्याचं काम एकच, पाण्याला थांबवणं. स्थिर पाण्यात 0.02 मिलिमीटरचा कण एक मीटर खाली बसायला साधारण पाऊण तास घेतो. 0.002 मिलिमीटरचा तीन दिवसांपेक्षा जास्त! कण दहापट बारीक, तर वेळ शंभरपट. म्हणून पाणी एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर, आणि तेही वरच्या थरातलं. क्रशरची भुकटी फारच बारीक असेल तर तुरटीसारखं काहीतरी लागतं. आजी हंड्यात फिरवायची, तेच तत्त्व. आणि मे महिन्यात तळ्यातला गाळ काढायचाच. अर्धं भरलेलं तळं म्हणजे अर्धंच तळं.

कुणी म्हणेल, गाळ तर चांगला असतो! सरकारच 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' म्हणतंय. बरोबर. पण तलावातला गाळ म्हणजे शेतांतून वाहून आलेली माती. क्रशरची भुकटी म्हणजे नुसता दळलेला दगड. तिच्यात सेंद्रिय काही नाही, आणि ती जमिनीचे श्वास बंद करते. शिवाय ती मामाच्या विहिरीत थांबत नाही. ओढ्यातून माण नदीत जाते, आणि पुढे साताऱ्या-सांगलीच्या सीमेवर राजेवाडीचा ब्रिटिशकालीन तलाव आहे. तिथं बसलेला प्रत्येक घनमीटर गाळ म्हणजे एक घनमीटर पाण्याची गेलेली जागा.

"खाण बंद करा, प्रश्न मिटला," असंही नाही. गोव्यात 2012 मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. पण मातीचे ढिगारे तिथेच राहिले, आणि ढिगाऱ्याला कोर्टाचा आदेश कळत नाही. पाऊस आला की तो वाहतो.

मग आपण काय करायचं? फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात सांगितलं की 5 हेक्टरपेक्षा लहान गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल. त्या मंजुरीपत्रात अटी असतात. मोबाईलवर 'परिवेश' पोर्टल उघडा, आपल्या गावावरची खाण शोधा. नाही सापडली तर माहिती अधिकारात पत्र मागा. चर आणि गाळतळ्याची अट वाचा. मग मे महिन्यात जाऊन लांबूनच फोटो काढा, तारखेसह. चर नसेल तर तहसीलदार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी द्या. पावसाआधी. विहीर भरल्यावर दिलेल्या अर्जाने पंचनामा होतो, पाणी स्वच्छ होत नाही.

मामाने विहीर उपसली, स्वतःच्या पैशाने. या मे महिन्यात मी टेकडीवर जाणार आहे. तुमच्या गावावर खाण असेल तर तुम्हीही जा, आणि काय दिसलं ते मला व्हॉइस नोटवर सांगा. भेटू पुढच्या भागात!