जागच्या जागी फिरणारे चाक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला बोलायला सांगितले, तेव्हा ‘आरोग्य’ असा मोठा विषय दिला होता. तेवढा माझा अधिकार नाही. मी आपली माझ्या ओसरीवरच्या सायकलीची हकीकत सांगणार आहे. ती सायकल पुष्कळजणींनी पाहिली आहे व पाहून हसूनही झाले आहे. पहिल्याच दिवशी आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “काय वं माय, हे कुठी जातच नाही, तं पायडल कायले मारतं?” प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर द्यायला मला सात महिने लागले.

शेगावची पालखी दरवर्षी ज्येष्ठात आपल्या रिसोड तालुक्यातून पंढरपूरकडे जाते. तिच्याबरोबर निदान एक दिवसाची मजल चालावी अशी माझी फार दिवसांची इच्छा. तीन वर्षांपूर्वी मी निघाले आणि दोन तासांतच छातीत धाप भरली. रस्त्याच्या कडेला बसले. माझ्या सासूच्या वयाच्या बाया डोक्यावर तुळस घेऊन पुढे गेल्या. त्या दिवशी मला जी लाज वाटली, ती कोणाला सांगितली नव्हती, आज सांगते.

तपासणीत हृदयाचा दोष काही निघाला नाही. साखर थोडी वाढलेली होती. डॉक्टर म्हणाले, दम वाढवा. मी म्हटले, “डॉक्टरसाहेब, आम्ही शेतातल्या बाया. निंदणी करतो, सोयाबीन सोंगतो, आणखी काय करायचे?” पण विचार केला तर ते काम हंगामाचे. त्यातही कंबर दुखते, हात दुखतात, पण अर्धा-पाऊण तास छातीचा भाता सारखा चालता राहील असे काम थोडेच असते. आपल्या आज्या पहाटे जाते ओढीत, विहिरीचे पाणी वाहत. ते कष्ट गेले हे चांगलेच झाले. ते परत यावेत असे मी मुळीच म्हणणार नाही. पण त्यांच्याबरोबर दमही गेला.

रस्त्यावर चालायला जावे, तर पहाटे अंधार, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात आठ वाजताच चटके, आणि ‘कुठे चाललात?’ असे विचारणारे वाटेत दहाजण. म्हणून भाच्याने अकोल्याहून एक जुनी घरात चालवायची सायकल आणून दिली. हिला वीज लागत नाही. पुढे एक जड चाक असते. त्याच्याजवळ लोहचुंबक आणला की चाक ओढायला जड जाते. मूठ फिरवली की ओझे कमी-जास्त. कोपनहेगनचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ सालीच अशा जातीची सायकल प्रयोगशाळेत बसवली होती, माणूस किती काम करतो हे मोजायला. म्हणजे हे श्रीमंतांचे नवे खूळ नव्हे.

आता माझ्या चुका ऐका, कारण तुमच्या कामाच्या त्याच आहेत. पहिल्या आठवड्यात बैठक फार खाली ठेवली, तर गुडघे ठणकू लागले. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. दुसरी चूक लुगड्याची. पदर पायडलमध्ये गेला आणि मी तोंडावर पडता पडता वाचले. तेव्हापासून सलवार घालते. घरात कोणी काही म्हटले नाही, मीच उगाच भीत होते. तिसरी चूक चैत्रात केली. दार लावून चालवली आणि डोके गरगरले. रस्त्यावरच्या सायकलीला वारा आपोआप लागतो, घरातल्या सायकलीला नाही. पंखा समोर हवा, पाण्याचा तांब्या हाताशी हवा, आणि दुपारची वेळ टाळायला हवी.

सुरुवात मी दिवसाआड आठ मिनिटांनी केली, ओझे जवळजवळ नाहीच. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवली. जोर किती लावायचा? शेजारणीशी बोलता यावे, पण ओवी गाता येऊ नये, इतका. बोलणेच बंद पडले तर आपण घाई करतो आहोत. दोन महिन्यांनंतर आठवड्यातून एकच दिवस एक मिनिट जड, दोन मिनिटे हलके, असे सहा वेळा करू लागले. बाकीचे दिवस संथ. दम वाढतो तो मुख्यतः या संथ दिवसांनी. मला वाटत होते उलटे.

आत काय होते तेही सांगते. सवयीने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागते, म्हणून ठोके कमी पुरतात. मांडीच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि प्राणवायू वापरून शक्ती तयार करणाऱ्या पेशींतल्या भट्ट्याही वाढतात. माझी सकाळी उठल्या-उठल्याची नाडी ८८ होती, ती पाच महिन्यांनी ७६ वर आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, मोठ्या माणसाने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम करावेत. मी १५० ला पोचले ती चौथ्या महिन्यात.

आपल्या विदर्भातले नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची, ४,८०० किलोमीटरहून लांब शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पुरी केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने तर २०१८ साली, विशीत, सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्याला तेथवर जायचे नाही. पण दम हा जन्मजात नसून कमावता येतो, एवढे त्यांच्याकडून घ्यावे.

यंदा ज्येष्ठात मी पुन्हा निघाले. धाप लागली नाही! पण दुपारी पायांना फोड आले आणि शेवटचा टप्पा मला टेंपोत बसून काढावा लागला. सायकलीने छाती तयार झाली, तळवे नाहीत. सायकलीवर अंगाचा भार बैठकीवर असतो. त्यामुळे हाडांनाही तिचा फायदा थोडाच. चालणे आणि आठवड्यातून दोनदा उठाबशा हवेतच, हे मला आधी कळायला हवे होते. पुढच्या वर्षी शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्यातून दोन दिवस चालणार आहे, पायात तेच जोडे घालून.

छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, साखरेचे इंजेक्शन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून बसू नका. बाकीच्यांसाठी आजपासून ती सायकल मंडळाच्या खोलीत ठेवली आहे. वही टांगली आहे, तीत आपली वेळ लिहायची. सहा ते सात माझी. चहा झाल्यावर ज्यांना बसून पाहायचे असेल त्यांनी थांबावे. प्रत्येकीची बैठक वेगळ्या उंचीला लावावी लागते, ती मी लावून देईन. काकूंनी पहिला नंबर आधीच सांगून ठेवला आहे.